रस्त्याकडेचा तो वड शिवकाळातला आहे का?

आपण विचारले आहे की, कोल्हापूर–गगनबावडा रस्त्यावर आपल्या गावच्या थांब्याजवळ उभा असलेला प्रचंड वड शिवकाळातला असल्याचे गावात सांगतात, त्यात कितपत तथ्य आहे आणि त्या झाडाचा खरा इतिहास कोठे सापडेल. मी कोल्हापूरचा रहिवासी आहे आणि या परिसरातील रस्त्याकडेच्या जुन्या झाडांविषयी मला मनापासून आस्था आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपला वड पूर्वी दुतर्फा असलेल्या झाडांच्या ओळीतला असेल, तर तो शिवकाळातला असण्याची शक्यता फार कमी आहे. अशी झाडे रस्त्यासाठी लावलेली असतात आणि त्यांचे वय त्या रस्त्याच्या वयापेक्षा सहसा जास्त नसते. कोकण आणि घाटमाथा यांच्यातील वाहतूक जुन्या काळी प्रामुख्याने बैलांच्या पाठीवरून होत असे. चाकांची गाडी जाईल असे बांधीव, खडीचे रस्ते कोल्हापूर संस्थानात मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर संस्थानच्या कारभारावर इंग्रज अधिकाऱ्यांची देखरेख आली आणि रस्ते, पूल, मोऱ्या यांच्या बांधकामाला नियमित स्वरूप येऊ लागले. कोल्हापूरला रेल्वे पोहोचली ती १८९१ मध्ये. तोवर येथला गूळ बाहेर जायचा आणि कोकणचे मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची ती घाटांच्या वाटांनीच, त्यामुळे त्या रस्त्यांवर सावलीची सोय करणे ही शोभेची बाब नव्हती, व्यापाराची गरज होती. पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, रस्त्यांच्या दुतर्फा झाडे लावण्याकडे संस्थानाने विशेष लक्ष दिले. आमच्या भागात जुन्या वडाकडे बोट दाखवून वडीलधारी माणसे ‘हे शाहू महाराजांच्या वेळचं झाड’ असे म्हणतात, तेव्हा त्या म्हणण्याला हा आधार असतो आणि माझ्या मते ते शिवकाळाच्या दाव्यापेक्षा सत्याच्या बरेच जवळ असते.

शिवकाळाचा दावा कोठून आला असावा, याचाही विचार केला पाहिजे, कारण गगनबावड्याच्या बाबतीत त्यामागे एक खरा धागा आहे. बावडा हे शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांपैकी एक असलेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याचे ठिकाण. अठराव्या शतकाच्या प्रारंभी त्यांनी सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्र’ या राज्यकारभारविषयक ग्रंथात झाडांविषयीचा प्रसिद्ध मजकूर आहे: आंबा, फणस यांचे लाकूड आरमाराच्या उपयोगाचे असले, तरी रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढविलेली असल्यामुळे धन्याला राजी केल्यावाचून आणि योग्य मोल दिल्यावाचून ती तोडू नयेत. हा मजकूर मराठी माणसाला अभिमान वाटावा असाच आहे. परंतु त्यातली झाडे रयतेची, परसातली आणि शेतातली आहेत. रस्त्याकडेच्या वडांची लागवड हा त्याचा विषय नाही. त्या काळातील दृष्टी त्यातून कळते, आपल्या थांब्यावरच्या वडाचे वय कळत नाही.

आता प्रत्यक्ष झाडाकडे वळतो. सर्वप्रथम त्याच्या आजूबाजूला त्याच जातीची किंवा त्याच जाडीची झाडे ठरावीक अंतराने उभी आहेत का, आणि रस्त्याच्या जुन्या मध्यापासून त्यांचे अंतर सारखे आहे का, हे पाहावे. मधली झाडे तोडली गेली असली, तरी उरलेल्या दोन-तीन झाडांमधील अंतर त्या मापाच्या पटीत येते. जवळपास दगडी बांधणीची जुनी मोरी किंवा मैलाचा दगड असेल, तर तोही लक्षात घ्यावा. याउलट वड एकटाच असेल, त्याला पार बांधलेला असेल आणि तो गावाच्या शिवेवर किंवा दोन वाटांच्या फाट्यावर असेल, तर तो रस्त्याच्या आधीचा असू शकतो. अशा वेळी रस्ताच झाडाजवळून नेलेला असतो.

पाराजवळ वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ कोरलेला दगड), नागशिळा किंवा शेंदूर लावलेले दगड असले, की लोक त्या दगडांच्या काळावरून झाडाचा काळ ठरवितात. ही पद्धत मला सर्वांत धोक्याची वाटते. कोल्हापूर जिल्ह्यात गावोगाव वीरगळ आहेत आणि त्यांतले अनेक शिलाहार राजघराण्याच्या काळापर्यंत मागे जातात, परंतु शेत नांगरताना किंवा देवळाचा जीर्णोद्धार करताना निघालेले दगड गावकरी श्रद्धेने मोठ्या झाडाखाली आणून ठेवतात. म्हणून आठशे वर्षांचा दगड शंभर वर्षांच्या वडाला टेकलेला दिसणे यात काहीच अस्वाभाविक नाही.

खोडाच्या घेरावरूनही वय सांगता येत नाही. वडाच्या पारंब्या जमिनीत रुजून जाड होतात आणि कालांतराने मूळ खोडाशी एकजीव होतात. पुष्कळदा मूळ खोड कुजून जाते आणि पारंब्यांचेच खोड उरते. थंड प्रदेशातील झाडांप्रमाणे वर्षाला एक याप्रमाणे मोजता येतील अशी भरवशाची वलये त्यात मिळत नाहीत. चांगली माती आणि पाणी मिळाले, तर शे-सव्वाशे वर्षांत वड एवढा विस्तारतो की पाहणाऱ्याला तो चार-पाच शतकांचा वाटावा, आणि पंचगंगेच्या खोऱ्यात या दोहोंची वाण नाही.

वडच का निवडला, हे कळले की त्या काळच्या लोकांची समज ध्यानात येते. रस्त्याकडेला वड लावण्याची परंपरा सम्राट अशोकाच्या लेखांपर्यंत मागे जाते. वड बियांपासून वाढविण्याची गरज नसते: हाताच्या मनगटापेक्षा जाड, पुरुषभर उंचीची फांदी पावसाच्या तोंडाशी मेढीसारखी रोवली, की तिला मुळे फुटतात, आणि पालवी इतक्या उंचावर येते की गुरांना व शेरडांना ती ओरबाडता येत नाही. पहिले काही उन्हाळे काट्यांचे कुंपण आणि पाणी एवढीच जपणूक पुरते. लाकूड इमारतीच्या कामाचे नाही, त्यामुळे चोरून तोडण्याचा मोह नाही. वटपौर्णिमेला पुजले जाणारे झाड असल्यामुळे त्यावर सहसा कुऱ्हाड पडत नाही. ऐन उन्हाळ्यातही त्याची सावली फारशी विरळ होत नाही, म्हणून बैल सोडून दुपार काढायला गाडीवानांनी हीच झाडे धरली. त्यांच्याभोवती पाणपोई, चहाची टपरी, केस कापणाऱ्याची खुर्ची आणि पुढे एस.टी.चा थांबा आला. वडाला फळे आली की तांबट, कोकीळ, धनेश आणि वटवाघळे यांची तेथे झुंबड उडते. आपले झाड गावाला आवडते ते या सहवासामुळे, आणि त्यासाठी ते शिवकाळातले असण्याची अट नाही असे मी आग्रहाने म्हणेन.

ही झाडे ज्या रस्त्यासाठी लावली, त्याच रस्त्याच्या रुंदीकरणात ती जाऊ लागली, याचे मला फार दुःख होते. ऊस भरलेल्या ट्रॉल्या आणि उंच वाहने अडू नयेत म्हणून रस्त्याच्या बाजूच्या फांद्या आणि पारंब्या वारंवार छाटल्या जातात. त्या बाजूचा आधार जातो, झाड एका अंगाला झुकते आणि मग ते धोकादायक ठरते. बुंध्यापर्यंत डांबर किंवा काँक्रीट आणले, की मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही. तरीही उपाय असतो. शेजारच्या सांगली जिल्ह्यात भोसे येथे, रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या कामात जाणारा जुना वड वाचविण्यासाठी २०२० मध्ये लोकांनी आवाज उठविला आणि रस्त्याच्या आखणीत बदल करण्यात आला. तो वड पुढे कोसळला, पण झाडासाठी महामार्गाची आखणी बदलता येते, हे तेथे सिद्ध झाले.

कागदपत्रांचा शोध घ्यायचा असल्यास मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १८८६ चा कोल्हापूरविषयक खंड प्रथम पाहावा. त्यात त्या वेळच्या रस्त्यांची माहिती आहे आणि आपला रस्ता तेव्हा कोणत्या स्थितीत होता, हे त्यातून कळेल. त्यानंतर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातील संस्थानकालीन बांधकाम खात्याचे कागद चाळावेत. तेथे रस्त्याच्या नावाने मागणी करावी, गावाच्या नावाने केल्यास हाती फार थोडे लागते. करवीर नगर वाचन मंदिर हे १८५० मधील ग्रंथालय आणि शिवाजी विद्यापीठाचे ग्रंथालय येथेही संस्थानविषयक जुनी पुस्तके मिळतात. गावातील वृद्धांशी बोलताना ‘झाड किती जुने’ असे विचारू नये. आपल्या आजोबांनी हे झाड केवढे पाहिले होते, पार कोणी बांधला, शेजारची झाडे कधी पडली, असे विचारावे. उत्तरे अधिक नेमकी येतात.

झाड महापालिका किंवा नगरपालिकेच्या हद्दीत असेल, तर राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास किंवा अधिक वर्षांच्या झाडाला वारसा वृक्ष मानले जाते, आणि त्यासाठी शिवकाळ सिद्ध करण्याची गरज पडत नाही. ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल, तर ग्रामसभेत ठराव करून झाडाचे मोजमाप, छायाचित्रे आणि वृद्धांच्या आठवणी यांची नोंद दप्तरी ठेवावी आणि तिची प्रत सार्वजनिक बांधकाम विभागाकडे द्यावी. रुंदीकरणाची आखणी सुरू होण्याच्या आधी ही प्रत तेथे पोहोचलेली असली पाहिजे, कारण झाडांवर तोडीचे क्रमांक पडल्यानंतर आखणी बदलून घेणे फार अवघड जाते.