तुमचे प्रश्न : घरच्या लोडरला जॅक केवढा?

प्रश्न : २४ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरला शेणखत भरण्यासाठी वर्कशॉपमध्ये पुढचा लोडर बनवून घेतोय. मिस्त्री ६३ एमएमचे दोन जॅक लावू म्हणतात. घ्यावेत का? ब्रॅकेट कुठं धरायचे?
– एक वाचक, निफाड

उत्तर : घेऊ नका. ४० एमएम बोअर (नळीचा आतला व्यास), २५ एमएम रॉड आणि ५०० एमएम स्ट्रोकचे (रॉड बाहेर येण्याची लांबी) जॅक पुरतात. चौरस सेंमीला १५० किलो प्रेशर धरलं तर असा एक जॅक सुमारे १,८८५ किलोचा रेटा देतो, जोडी ३,७७० चा. लोडरचा हात १८० सेंमीचा आणि जॅकचा रेटा हात ज्यावर फिरतो त्या मुख्य पिनेपासून २५ सेंमीवर धरला तर बकेटपाशी ५२० किलो येतात. लोडरचं स्वतःचं वजन वजा केलं तरी खताला भरपूर. पंप मिनिटाला १५ लिटरचा असेल तर हात पाच सेकंदांत वर जातो. ६३ च्या जोडीला बारा सेकंद लागतील.

खरी अडचण पुढच्या एक्सलची. दोन्ही एक्सलमध्ये दीड मीटर अंतर आणि बकेट पुढच्या एक्सलच्या १.२ मीटर पुढे असेल, तर २०० किलो खताचे पुढच्या एक्सलवर ३६० किलो होतात आणि मागची चाकं १६० किलोंनी हलकी होतात. लोडरचा भार वेगळाच. जॅक मोठा केला की जास्त वजन उचललं जातं, हा आकडा वाढतो आणि एक्सल वाकतो. मागं ट्रॅक्टरच्या तीन पॉइंटच्या हायड्रॉलिक लिफ्टवर वजन हवंच. २०० लिटरचा ड्रम निम्मा काँक्रीटनं भरला की सुमारे २४० किलो होतात.

ब्रॅकेट नुसते क्लच हाउसिंगला कसू नका. ते बिडाचं असतं, तडकतं. दोन्ही बाजूंनी पुढच्या सपोर्टपासून मागच्या एक्सलपर्यंत चॅनेल न्या, ८.८ ग्रेडचे बोल्ट वापरा. बिडावर वेल्डिंग तर अजिबात नको.

हातांना ७५ बाय ७५ चा, ५ एमएम जाडीचा चौकोनी पाइप घ्या. दोन्ही हातांच्या बुशांतून एकच सरळ शाफ्ट आरपार घालून आधी वेल्डिंगचे टाके मारा, मग आलटून पालटून थोडं थोडं वेल्ड करा. असं न केल्यास बुश तिरके बसतात, पिन घट्ट होते आणि बकेट एका बाजूला कलते. वेल्डिंगच्या अर्थिंगची क्लिप जॅकच्या पलीकडे, म्हणजे करंट जॅकमधून जाईल अशी, लावू नका. करंट रॉडमधून गेला की क्रोमवर खड्डे पडतात आणि सील लवकर फाटतं.

जॅक चालवणारा लिव्हरचा वॉल्व्ह घेताना पुढे मागच्या लिफ्टकडे प्रेशर देणारं वेगळं पोर्ट आहे का, विचारा. नसेल तर मिस्त्री रिटर्नच्या (ऑइल टाकीत परत सोडणाऱ्या) पोर्टावरूनच लिफ्टची लाइन काढतात. लिफ्टनं वजन उचललं की तेच प्रेशर वॉल्व्हच्या रिटर्नच्या बाजूला येतं आणि लिव्हरच्या सीलमधून ऑइल गळतं.

प्रश्न : अशाच मिनी ट्रॅक्टरला मागं तीन पॉइंटवर खोदणारा हात बसेल का?
– एक वाचक, दिंडोरी

उत्तर : बसवू नका. खोदताना मागून वर रेटा येतो, पण लिफ्टचे हात फक्त वर ओढतात, खाली दाबत नाहीत. खोदणारा हात उसळून टॉपलिंक (तीन पॉइंटमधला वरचा दांडा) वाकली तर त्या हाताच्या सीटवर बसलेला चालवणारा सीट आणि ट्रॅक्टरच्या मध्ये चेपतो. करायचाच असेल तर मागच्या एक्सलला बोल्ट केलेली फ्रेम हवी, आणि खोदताना जमिनीवर टेकणारे दोन आधार. चर वर्षातून दोनदाच काढायची असेल तर भाड्याचा जेसीबी स्वस्त पडतो.