‘आज राहू दे’ आणि नंतरची गोळी

प्रश्न : वय २४, बायको २१. तिचं नर्सिंग संपेपर्यंत मूल नको, असं दोघांचं ठरलंय. निरोध वापरतो, पण महिन्यातून दोन-तीनदा राहून जातो. दोनदा फाटलाही. घरात कुणाला सापडू नये म्हणून पाकीट गाडीच्या डिक्कीत ठेवतो. तिने वर्षात चारदा ‘नंतरची गोळी’ घेतलीय. काय चुकतंय? – एक वाचक, यावल तालुका

उत्तर : भाऊ, आधी ती डिक्की रिकामी करा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत त्याहून जास्त. त्या उष्णतेने रबर विरतं, मग पाकिटावरची मुदत शिल्लक असून उपयोग नाही. कपाटात, कपड्यांच्या घडीखाली ठेवा. खोबरेल किंवा व्हॅसलिन लावत असाल तर तेही बंद. तेलाने लॅटेक्स काही मिनिटांत कमजोर होतं. मेडिकलवर पाण्याने धुऊन जाणारं जेल मिळतं, ते चालतं.

पाकीट दातांनी फाडू नका. टोक चिमटीत धरून हवा काढा आणि मुळापर्यंत उलगडा. उलटा लागला तर पलटून वापरायचा नाही, नवा घ्यायचा. वीर्यपतन झालं की ताठरपणा जायच्या आत, कड धरून बाहेर या. एकावर एक दोन चढवले तर घासून फाटतात.

आता राहून जाण्याचं. गावातला मेडिकलवाला ओळखीचा, म्हणून दोन-तीनच आणले जातात आणि नेमके नको तेव्हा संपतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेलेली बायको परत येते त्या रात्री तर हमखास. प्राथमिक आरोग्य केंद्रात निरोध फुकट मिळतो, कुणी नाव विचारत नाही. आशाताईंकडेही असतो, पण गावातल्याच असल्याने संकोच वाटत असेल तर भुसावळला जाल तेव्हा महिन्याचा साठा एकदम आणा. संपला तर त्या रात्री काय करायचं, तेही दोघांनी दिवसाउजेडी ठरवा. ऐन वेळी ‘आज राहू दे’ कोण म्हणतं आणि दुसरा गप्प का बसतो, हेही बोला. ‘नवरा नाराज होईल’ म्हणून कितीतरी मुली बोलत नाहीत. वापरलेला गाठ मारून, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. संडासात टाकला तर पाइप तुंबतो आणि घरभर बोभाटा होतो.

‘आज धोका नाही’ या हिशेबावर विसंबू नका. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकतात आणि पाळी पुढेमागे होते. निरोध दर वेळी नीट वापरला तर वर्षात १०० जोडप्यांपैकी साधारण २ जणींना दिवस जातात. लोक एरवी वापरतात तसा वापरला तर १३.

ती ‘नंतरची गोळी’ संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी. पण ती अडीअडचणीपुरती. वारंवार घेतली की पाळीचा घोळ होतो आणि रोजच्या साधनाइतका भरवसाही देत नाही. वर्षात चारदा लागली, म्हणजे निरोधासोबत दुसरं साधन हवं. सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’ इंजेक्शन दर तीन महिन्यांनी मोफत मिळतं, तांबीही बसवतात. तिला सोबत घेऊन जा, निवड तिला करू द्या. या वेळी पाळी आठवडाभर लांबली, तर मेडिकलवरची किट आणून सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी करा.