पावतीवर ‘अ‍ॅडव्हान्स’ लिहिलंय, म्हणून काय?

प्रश्न: 62 लाखांना जुना फ्लॅट ठरवला, 6 लाख चेकने दिले. पावतीवर ‘अ‍ॅडव्हान्स (इसार)’ असं लिहिलंय. बँकेनं कर्ज नाकारलं. मालक आता म्हणतात, इसार बुडाला. अ‍ॅडव्हान्स तर परत मिळतो ना?

उत्तर: अशी पत्रं सतत येतात, आकडे तेवढे बदलतात. ‘कर्ज न झाल्यास पैसे परत’ असं लिहून घेतलं नसेल, तर कर्ज नाकारलं जाणं हा मालकाचा दोष ठरत नाही. व्यवहार मोडला तो तुमच्याकडून.

कोर्ट नुसता शब्द बघत नाही, पैसे कशापोटी दिले ते बघतं. व्यवहार पुरा करण्याची हमी म्हणून दिले असतील तर तो इसार. खरेदीखत झालं की किमतीत वळता होतो, घेणारा मागं फिरला की जातो. नुसता किमतीचा हप्ता असेल, तर मालकाला तो सरसकट गिळता येत नाही.

सगळं अडलंय एका ओळीवर: ‘मुदतीत खरेदीखत न केल्यास इसार जप्त’. सतीश बात्रा विरुद्ध सुधीर रावल खटल्यात (2012) 70 लाखांच्या व्यवहारातली 7 लाखांची जप्ती सुप्रीम कोर्टानं उचलून धरली, कारण करारात तसं स्पष्ट कलम होतं. तुमचं प्रमाण जवळपास तेच. आणि तुम्ही पाठवलेल्या फोटोत पावतीचा नेमका तळच अंगठ्याखाली झाकलाय! सही करताना तरी वाचला होता का?

ती ओळ नसेल तर भांडायला जागा आहे. किती हाती लागेल ते आज सांगत नाही. असेल, तर समोरासमोर बसून काही रकमेवर मिटतंय का ते बघा.

त्याहून मोठी काळजी वेगळीच. ठरलेली मुदत संपून दोन वर्षं आठ महिने झाले, आणि तुम्ही ‘गणपती होऊ द्या, दिवाळी होऊ द्या’ ऐकत बसलात. दाव्याला तीन वर्षं असतात. वकिलाच्या नोटिशीनं ती थांबत नाहीत, फोनवरच्या आश्वासनानं वाढत नाहीत. तीन वर्षांच्या आत मालकानं ‘पैसे देणं लागतो’ असं सहीनिशी लेखी कबूल केलं, तर मोजणी नव्यानं सुरू होते. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘बघू’वर मी तरी विसंबणार नाही.

याच आठवड्यात दिवाणी वकील गाठा. कर्ज नाकारल्याचं पत्र आणि पासबुक सोबत घ्या. पावतीचा फोटो नको, अस्सल कागद न्या.