न लढता युद्धात उतरलेला देश

प्रश्न : कोरियन युद्धात जपानची चांदी झाली, असे वाचनात आले. स्वतः न लढता दुसऱ्याच्या युद्धाला मदत करणाऱ्या देशाचा असा निव्वळ फायदाच होतो का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : चांदी झाली हे खरे, पण ‘निव्वळ’ हा शब्द मात्र मान्य करता येणार नाही. मुळात मदत करायची की नाही हे ठरवण्याचा अधिकारच जपानकडे नव्हता. १९४५पासून देश दोस्त राष्ट्रांच्या, म्हणजे प्रत्यक्षात अमेरिकेच्या ताब्यात होता आणि अंतिम शब्द ताबा सैन्याचे अमेरिकी प्रमुख जनरल मॅकआर्थर यांचा होता.

१९४९मध्ये अमेरिकी बँकर जोसेफ डॉज यांनी तेथील अंदाजपत्रक कडक हाताने आवळले आणि डॉलरचा दर ३६० येनवर बांधून टाकला. महागाई आटोक्यात आली, पण माल पडून राहू लागला. टोयोटा कंपनीला तर बँकांच्या मदतीवर तग धरावी लागली. कामगारकपात आणि संप यांनंतर संस्थापक किइचिरो तोयोदा यांनी जून १९५०च्या सुरुवातीला अध्यक्षपद सोडले. त्याच महिन्याच्या २५ तारखेला उत्तर आणि दक्षिण कोरियात युद्ध भडकले, अमेरिका दक्षिणेच्या बाजूने त्यात उतरली आणि जुलैत अमेरिकी सैन्याने टोयोटाकडे हजार ट्रकची मागणी नोंदवली. ट्रकच नव्हे, तर वाळूची पोती, घोंगड्या, काटेरी तार, वाहनदुरुस्ती अशा सगळ्याच कामांना ऊत आला. यातली खरी मेख अशी, की पैसे डॉलरमध्ये मिळत होते; परकीय चलनाअभावी अडलेली कापूस, लोहखनिज आणि यंत्रसामग्री यांची आयात त्यामुळे शक्य झाली. अर्थात महागाईही पुन्हा वाढली, आणि १९५१मध्ये जागतिक भाव उतरले तेव्हा साठे करून बसलेल्या व्यापाऱ्यांचे हात चांगलेच पोळले.

राजकारणातला हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे. जपानमधील अमेरिकी फौजा कोरियाकडे वळताच मॅकआर्थर यांनी ८ जुलै १९५० रोजी पत्र पाठवून ७५ हजारांचे राखीव पोलीस दल उभारायला सांगितले. युद्धसामर्थ्य न बाळगण्याची हमी देणाऱ्या राज्यघटनेला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. हेच दल पुढे १९५४मध्ये स्वसंरक्षण दल झाले. ऑक्टोबर १९५०मध्ये जपानी सुरुंगशोधक नौका कोरियातील वोनसान बंदराजवळच्या समुद्रात गुपचूप पाठवल्या गेल्या आणि तेथे एक खलाशी प्राणास मुकला. तेव्हा ‘न लढणारा देश’ हे वर्णनही थोडे सैलपणेच करावे लागते. देशांतर्गत, कम्युनिस्टांना वृत्तपत्रांतून आणि कारखान्यांतून काढून टाकण्याची मोहीम याच काळात जोर धरते.

८ सप्टेंबर १९५१ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत जपानशी शांतता करार झाला, पण त्याच दिवशी अमेरिकेला लष्करी तळांची मुभा देणाऱ्या सुरक्षा करारावरही पंतप्रधान योशिदा यांना सही करावी लागली. (भारत त्या परिषदेपासून दूर राहिला आणि १९५२मध्ये त्याने जपानशी स्वतंत्र करार केला.) अधिक शस्त्रसज्जतेचा अमेरिकी आग्रह योशिदांनी शक्य तितका टाळला आणि पैसा उद्योगांकडे वळू दिला, हे त्यांचे चातुर्य मानले पाहिजे. तळांचा प्रश्न मात्र धुमसत राहिला. १९६०मध्ये सुरक्षा कराराच्या नूतनीकरणाविरुद्ध टोकियोत लाखो लोक रस्त्यावर उतरले आणि पंतप्रधान किशी यांना राजीनामा द्यावा लागला.