नवरा कराचीच्या जेलात, फाईल गेवराईच्या ठाण्यात

प्रश्न (एक वाचक भगिनी, गेवराई तालुका, जि. बीड): यंदा ऊसतोडीला न जाता माझे पती मुकादमाकडून चाळीस हजार उचल (आगाऊ मजुरी) घेऊन पोरबंदरच्या बोटीवर खलाशी म्हणून गेले. नोव्हेंबरात पाकिस्तानने बोट धरली. आता फेब्रुवारी संपत आला. मालक म्हणतो, आपलं कोस्ट गार्ड बोलतंय, थांबा. गावातले म्हणतात, कोस्ट गार्डवर खंडपीठात केस टाका. मुकादम उचल मागतोय. काय करू?

उत्तर: ताई, मालकाचंही ऐकू नका आणि गावातल्यांचंही. भारतीय तटरक्षक दल आणि पाकिस्तानची सागरी सुरक्षा संस्था यांच्यात २००५ साली करार झाला आणि दोन्ही मुख्यालयांत हॉटलाइन बसली. बोट बुडतेय, अमुक बोट धरली, अशी खबर तिच्यावरून जाते. धरलेला माणूस सोडायचा अधिकार त्या फोनवर नाही. खलाशी कराचीत पोलिसांच्या ताब्यात गेले की विषय दोन सरकारांचा होतो.

सागरी कायद्याच्या करारातलं ७३ वं कलम कुणीतरी तुम्हाला दाखवेल. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रात नुसत्या मासेमारीसाठी कैद करता येत नाही, असं ते म्हणतं. खरं आहे. पण बोट १२ मैलांच्या आत, म्हणजे त्यांच्या हद्दीत, धरली असं पाकिस्तानने लिहिलं की हे कलम लागू होत नाही. त्यावर वेळ घालवू नका.

तुमच्या कामाचा आहे तो २१ मे २००८ चा भारत-पाकिस्तान करार. अटकेपासून तीन महिन्यांच्या आत आपल्या उच्चायुक्तालयाच्या अधिकाऱ्यांना कैद्याला भेटू द्यायचं. शिक्षा संपली आणि नागरिकत्व पक्कं झालं, की महिन्याभरात परत पाठवायचं. दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण होते, पण जाहीर होतात ते आकडेच. म्हणून यजमानांचं नाव जानेवारीच्या यादीत आहे का आणि त्यांची भेट झाली का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवून विचारा. तक्रार क्रमांक जपून ठेवा. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही उच्चायुक्तालयांतली माणसं ५५ वरून ३० वर आणायचं ठरलं, तेव्हा उशिराची तयारी ठेवा.

खरी गाठ नागरिकत्वाच्या पडताळणीत बसते. दिल्लीहून निघालेला कागद गृह विभाग, पोलीस अधीक्षक असा उतरत तुमच्या ठाण्यात येतो. बीडला समुद्र नाही, त्यामुळे असला कागद ठाण्यात कुणी पाहिलेला नसतो आणि तो पडून राहतो. तो यायची वाट न पाहता आधार, मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासी दाखला, फोटो आणि अंगावरच्या खुणा यांचे दोन संच करा. एक ठाण्यात, एक अधीक्षक कार्यालयात द्या आणि दोन्हीकडे पोच घ्या.

तुम्ही पाठवलेल्या कागदांत एक खोट दिसली. यजमानांचं नाव ‘ज्ञ’ने सुरू होतं. आधारवर इंग्रजीत ते ‘डीएन’ने लिहिलंय. बोटीच्या टोकनवरच्या, म्हणजे समुद्रात जाण्याच्या परवानगीच्या चिठ्ठीवरच्या, खलाशांच्या यादीत मात्र गुजराती उच्चाराप्रमाणे ‘जी’ने, म्हणजे ‘ग्नानेश्वर’. पाकिस्तानच्या यादीत हेच दुसरं नाव गेलं असणार. ‘असा माणूस गावात नाही’ असा शेरा पडला की फाईल परत दिल्लीला. म्हणून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरी करून आत्ताच जोडा. टोकनची प्रत मालकाकडून किंवा पोरबंदरच्या मत्स्य विभागाकडून मिळेल. गुजरात सरकार अशा कुटुंबांना रोजचा भत्ता देतं. परराज्यातल्या खलाशाला तो लागू आहे का, तेही तिथंच लेखी विचारा.

पोच घेऊन महिना उलटला तरी पडताळणी पुढे सरकली नाही, तर छत्रपती संभाजीनगर खंडपीठात संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली याचिका करू. प्रतिवादी केंद्र सरकार आणि बीडचे पोलीस अधीक्षक. तटरक्षक दल नाही. कागद बीडमध्ये अडलाय म्हणून अधिकारक्षेत्र इथलं. कोर्ट पाकिस्तानला हुकूम देऊ शकत नाही, पण इथल्या कार्यालयाला मुदत घालून देऊ शकतं, आणि आपल्याला तेवढंच हवंय.

मुकादमाला आत्ता एक रुपयाही देऊ नका आणि कोऱ्या बाँडवर अंगठा तर मुळीच नको. ‘तो स्वतःच्या जबाबदारीवर गेला’ असं त्यावर नंतर लिहिलं जातं आणि मालकाकडची थकलेली मजुरी बुडते. उचलीपोटी मुलाला कोयत्यावर (ऊसतोडीला) किंवा बोटीवर पाठव, असं तो म्हणाला तर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली तो गुन्हा आहे. तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. पैसे भरा, सुटका करतो, असे फोनही येतील. ते नंबर ठाण्यात द्या.