पहिल्या बाळासाठी सासरचा जुना लाकडी पाळणा वापरावा की नवी क्रिब (बाळाची चारही बाजूंनी गज असलेली खाट) घ्यावी? कुठल्या कंपनीची चांगली?

ठाण्यातलं वन बीएचके, दहा हजारांचं बजेट, कंपनी, हे सगळं नंतर बघू. तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य वाचून मी थांबले: "घरचे म्हणतात, आम्ही सगळे याच पाळण्यात वाढलो, रंग मारला की नव्यासारखा होईल." हेच वाक्य माझ्या सासरी माझ्या वडिलांना ऐकवलं गेलं होतं. अजूनही कुणाच्या लग्नकार्यात चार माणसं जमली की ते निघतंच. म्हणून लिहिते आहे.

माझे वडील सुतार. बांद्याला आमचा लहानसा कारखाना. गोव्याची हद्द हाकेच्या अंतरावर, त्यामुळे तिकडची कामं कायम यायची. एकदा तिथल्या एका हॉटेलने परदेशी पाहुण्यांच्या तान्ह्या मुलांसाठी कॉट करायला दिल्या आणि सोबत युरोपातल्या मापांचा नकाशा दिला. दोन गजांमधली फट ४५ ते ६५ मिलिमीटरच हवी, तळ सगळ्यात खाली बसवल्यावर बाजूची उंची किमान ६० सेंटिमीटर हवी, आत कुठे बोट अडकेल असं भोक नको. बाबांनी तो कागद घडी घालून पेटीत जपून ठेवला. शिवाय सहा सेंटिमीटर रुंदीचा लाकडी ठोकळा करून घेतला. कॉट तयार झाली की तो प्रत्येक फटीवर लावून बघायचे. ठोकळा पार गेला की तो गज पुन्हा बसवायचा.

माझं सासर साताऱ्याचं. मला सातवा लागला तेव्हा आतेसासूबाईंनी वाड्यातला पाळणा माळ्यावरून काढला. अस्सल सागवान, पितळी कड्या, चारही कोपऱ्यांवर कोरलेले मोर, आडव्या पट्टीवर वेलबुट्टी. देखणा होता, यात वाद नाही. एक गज तुटला होता आणि त्या जागी कुणीतरी सुतळी गुंडाळली होती. बाबा डोहाळजेवणाला येणारच होते, तर येताना हत्यारं घेऊन या म्हणून निरोप गेला.

बाबा आले, चहासुद्धा न घेता पाळण्यापाशी बसले. आधी लाकडावरून हात फिरवला. मग पेटीतून ठोकळा काढला. तो पहिल्या फटीतून पार गेला. दुसऱ्या, तिसऱ्या, सगळ्याच फटींतून पार गेला. टेप लावली तर कुठे तीन इंच, कुठे साडेतीन. मग नखाने एका कोपऱ्यावरचा रंग खरवडला. वर पांढरा, खाली हिरवा, त्याखाली लाल, प्रत्येक बारशाला एक हात मारलेला. मग आईला म्हणाले, "लाकूड एक नंबर आसा. पण पोर ठेवूक नको ह्यात."

ते नवरा-बायकोतलं बोलणं राहिलं नाही, माणसांनी भरलेल्या ओसरीवर सगळ्यांना ऐकू गेलं. काकासासरे म्हणाले, "व्याही, तुम्हाला गज बसवायला बोलावलंय. बाळाचं शास्त्र आम्हाला ठाऊक आहे. या पाळण्यात आमच्या चार पिढ्या वाढल्या." दुसरं कुणीतरी म्हणालं, सुताराला लाकडातलं कळतं, लेकरातलं काय कळणार.

बाबांनी आवाज चढवला नाही. ज्यांनी विचारलं त्यांना त्यांनी सरळ समजावून सांगितलं, आणि तेच मी तुम्हाला सांगते, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. तान्ह्या बाळाचं डोकं हा त्याच्या अंगातला न दबणारा सगळ्यात मोठा भाग असतो. कंबर, पोट, छाती दबते, डोकं दबत नाही. फट मोठी असली तर बाळ वळवळत पायाकडून बाहेर सरकतं, धड खाली जातं आणि मान गजात अडकते. त्याला रडताही येत नाही. म्हणून ते सहा सेंटिमीटर. अमेरिकेतही हेच माप आहे, २ पूर्णांक ३/८ इंच. मोर का नकोत? बाळ उभं राहायला लागलं की झबल्याची नाडी, गळ्यातला ताईत, काळा दोरा त्यात अडकतो आणि बाळ खाली बसलं की फास बसतो. अमेरिकेत कोपऱ्याचा खांब दीड मिलिमीटरपेक्षा वर आलेला चालत नाही.

आणि रंग. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटच्या डब्यात काय होतं ते कुणी तपासलंय? दात येताना मूल हाताशी असलेली पट्टी कुरतडतंच. तुमच्या घरचे म्हणतात तसा वरून नवा हात मारला तरी खालचे थर तिथेच राहतात, पोपडा निघतो तो सगळ्या थरांसकट निघतो. घासून काढायचा म्हणाल तर ती धूळ घरभर बसते, आणि तुमच्या घरात गरोदर बाई आहे. पॉलिशपेपर घेऊन घरात बसू नका, एवढं माझं ऐकाच.

आता ते 'आम्ही सगळे यातच वाढलो'. यावर बाबांनी जे उत्तर दिलं ते मला आजही पटतं. ते म्हणाले, तेव्हा पाळण्याची दोरी कुणाच्या तरी हातात असायची. आजी असायची, आत्या असायची, बाळंतिणीच्या खोलीत रात्री कुणीतरी जागं असायचं. जुना पाळणा केला गेला तो माणूस शेजारी आहे हे धरून. तुमच्या ठाण्याच्या घरात रात्री दोन वाजता तुम्ही दोघं दमून झोपलेले असणार. क्रिब ही सगळे झोपलेले असताना बाळ एकटं सुखरूप राहावं म्हणून करायची वस्तू आहे, म्हणून तिला मिलिमीटरचे नियम. चार पिढ्यांना पाळण्याने सांभाळलं नाही, त्या घरातल्या बायकांनी रात्री जागून सांभाळलं. काकासासऱ्यांनी त्यांचं श्रेय लाकडाला दिलं.

तोडगा माझ्या सासूबाईंनी काढला. पाळणा बारशाला लावायचा, रात्रीचं मात्र व्याही म्हणतात तसं. तसंच झालं. फुलं, चिमणाळं, 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या', सगळं त्याच पाळण्यात, चहूबाजूंनी बायका उभ्या असताना. दुसऱ्या दिवशी तो परत माळ्यावर गेला. तुम्हीही हेच करा, घरच्यांचं मन राहील.

बाबांनी कारखान्यातून क्रिब करून पाठवली. सागवानाची, बिनरंगाची, नुसतं लाखेचं पॉलिश, तेही वास पूर्ण जाईपर्यंत वाऱ्यावर ठेवलेलं. प्रत्येक गोल गज वरच्या आणि खालच्या पट्टीत खोल भोक पाडून सरसाने बसवलेला, खिळा एकही नाही. कोपरे सपाट, कडा रंधून गोल केलेल्या. तळ दोन पातळ्यांवर बसेल असा, नट-बोल्टवर. वर असताना बाळ उचलायला बाळंतिणीला वाकावं लागत नाही, आणि बाळ बसायला लागण्याआधी तो खाली घ्यायचा. माझी दोन्ही मुलं आणि नंतर नणंदेची मुलगी त्यात झोपली.

एका गोष्टीला त्यांनी ठाम नकार दिला. नणंद म्हणाली, एक बाजू खाली सरकणारी करा, सोयीचं पडतं. बाबा म्हणाले, जे सरकतं ते ढिलं होतं. सरकणाऱ्या बाजूची खाच किंवा क्लिप झिजली की ती बाजू एका कोपऱ्यातून सुटते, गादी आणि बाजू यांच्यात सापट पडते आणि बाळ त्यात जातं. याच कारणाने अमेरिकेने २०११ च्या जूनपासून अशा क्रिब बनवायला आणि विकायलाच बंदी घातली. आपल्याकडे जुन्या सामानात अजून मिळतात. कुणी प्रेमाने फुकट दिली तरी घेऊ नका.

क्रिबच्या आत काय ठेवायचं? थेट सांगते, बाळाशिवाय काहीही नाही. घट्ट बसणारी चादर, त्यावर बाळ, उताणं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ १९९२ पासून सांगत आले की बाळाला पालथं झोपवू नका, आणि तेव्हापासून तिकडे झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण खूप उतरलं. बारशाला तुम्हाला किमान दोन तरी 'बेडिंग सेट' येतील, उशी, दोन लोड, कडेने बांधायच्या गुबगुबीत पट्ट्या, वर टेडी. सगळं कपाटात. त्या कडेच्या गुबगुबीत पट्ट्यांवर अमेरिकेत २०२२ मध्ये कायद्याने बंदी आली, बाळाचं तोंड त्यात दबतं म्हणून.

आणि हो, राईची उशी. आतेसासूबाईंनी माझ्या मुलासाठी स्वतः शिवून आणली होती, डोकं गोल व्हावं म्हणून. ती मी वापरली नाही यावरून वेगळं रामायण झालं. डोकं गोल करायच्या उशा वापरू नका असं अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने) २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं, श्वास कोंडण्याचा धोका आणि फायदा काहीच नाही. बाळ जागं असताना, तुम्ही समोर बसून, रोज थोडा वेळ पालथं घाला, डोक्याची मागची बाजू चपटी होण्याचं प्रमाण त्याने कमी होतं.

गादी बहुतेक लोक चुकीची घेतात. पिंजाऱ्याकडून भरलेली कापसाची मऊ गादी आपल्याला बरी वाटते, पण तिच्या मधोमध खळगा पडतो. तळहाताने दाबून बघा, हात उचलताच ठसा गेला पाहिजे. आणि क्रिबच्या कडेला गादी इतकी चिकटून बसली पाहिजे की मध्ये दोन बोटं जाता कामा नयेत. गोधडीची घडी कोंबून फट बुजवू नका. आपल्याकडे क्रिब एकीकडून आणि गादी दुसरीकडून घेतात, सगळा घोळ तिथे होतो.

तुमच्या खऱ्या प्रश्नांकडे येते. वन बीएचकेत साधारण चार फूट बाय दोन फुटांची क्रिब तुमच्या पलंगाशेजारी मावेल, आणि ती तुमच्याच खोलीत हवी, निदान पहिले सहा महिने. खिडकीखाली नको, पडद्याच्या आणि ब्लाइंडच्या दोऱ्यांजवळ नको, चार्जरच्या वायरजवळ नको. मच्छरदाणी हवीच, पण ती बाहेरून ताणून बांधलेली, आत लोंबणारी नको. चाकं असली तर त्यांना लॉक हवं. एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) क्रिब स्वस्त पडते, पण भाड्याचं घर असेल आणि दोनदा खोलून जोडावी लागणार असेल तर एमडीएफमध्ये स्क्रू परत तसा धरत नाही. नट-बोल्टची घ्या आणि मधूनमधून सगळे बोल्ट आवळत जा.

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. एकाच कंपनीचं एक मॉडेल चांगलं आणि दुसरं टाकाऊ असतं, मापं बघा. गल्लीतला चांगला सुतार ओळखीचा असेल तर त्याला वर लिहिलेली मापं द्या. दहा हजारांत सागवान बसणार नाही, पण दुसऱ्या साध्या टणक लाकडाची होऊ शकेल, त्याला विचारा. सुताराला लेकरातलं कळतं. माप नीट दिलं तर तुमच्या-माझ्यापेक्षा तो जास्त काटेकोर राहतो.

झोळीबद्दल विचारलं नाहीत तरी सांगते, कारण सासूबाई बांधतीलच. साडीच्या झोळीत बाळ कमानीसारखं वाकतं आणि हनुवटी छातीला टेकते. तान्ह्या बाळाला मान उचलता येत नाही, श्वासाची वाट दबते. दुपारी कुणीतरी समोर बसून हलवत असेल तर हलवू दे, बाळ झोपलं की उचलून क्रिबमध्ये सपाट ठेवा. गावी माणसं झोळीतच मुलं वाढवतात आणि त्यांच्याकडे क्रिबला पैसे नसतात हे मला माहीत आहे. त्यांना मी नावं ठेवत नाही. खाली जमिनीवर सपाट, टणक अंथरूण आणि त्यावर बाळ एकटं, उताणं, हेही चालतं. महागडी क्रिब घेऊन तिच्यात सहा उशा घालण्यापेक्षा कितीतरी बरं.

बाळ दिवसांआधी जन्मलं किंवा त्याला दूध वर येण्याचा जास्त त्रास असला तर मनानेच गादीखाली उशी घालून उतार करू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा. मी डॉक्टर नाही. आणि मूल उभं राहून काठावर पाय टाकायला लागलं की कितीही चांगली क्रिब असली तरी ती बंद करायची, साधारण ८९ सेंटिमीटर उंची ही अमेरिकेत धरलेली हद्द आहे.

खरेदीला जाताना टेप न्या. सगळ्या फटी मोजा, एकच मोजून थांबू नका. काठ धरून क्रिब जोरात हलवा, कुरकुरली तर सोडून द्या. आणि गादी तिथेच आत घालून कडेला बोटं लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.