आधी वाट, मग झाडं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: घरामागे छोटी बाग आणि काही कुंड्या आहेत. घरात दोन लहान मुलं आहेत आणि आजींचे गुडघे दुखतात. सगळ्यांनी मिळून चालता चालता प्रार्थना म्हणावी अशी वाट बागेत करायची आहे, आणि त्यासाठी तुम्ही बायबलमधल्या झाडांची लांबलचक यादी काढून ठेवली आहे.

यादी तूर्त बाजूला ठेवा. आधी सगळ्यांना घेऊन बागेत एक फेरी मारा. मूल कुठे रेंगाळतं, आजींना कुठे टेकायला जागा लागते, चिखल कुठे होतो ते बघा आणि थांबे तिथेच ठरवा. पाच पुरेत. तिथे आधीपासून एखादं झाड उभं असेल तर त्यालाच कामाला लावा. नव्या रोपांमागे लागलात की वर्षभर रोपं जगवण्यातच जाईल आणि प्रार्थना राहील बाजूला.

पाच म्हटलं की लगेच सुचतं, रोझरीची, म्हणजे मरियेच्या जपमाळेची, पाच रहस्यं (येशू-मरियेच्या जीवनातले मनन करायचे प्रसंग), मग प्रत्येकाला एक झाड. हे करू नका. रहस्यं वारानुसार बदलतात: सोमवारी-शनिवारी आनंदाची, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, बुधवारी-रविवारी गौरवाची, आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ मध्ये जोडलेली प्रकाशाची गुरुवारी. तिसऱ्या थांब्यावर काटेरी झाड लावलंत तर मंगळवारी ते काट्यांच्या मुकुटाला चपखल बसेल, पण सोमवारी तिथेच येशूचा जन्म यायचा! त्यापेक्षा प्रत्येक थांब्याला शुभवर्तमानातलं, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातलं, त्याला साजेसं वचन द्या. थांब्यावर उभं राहून ते वाचायचं, ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ म्हणायचं आणि दहा ‘नमो मरिया’ पुढच्या थांब्याकडे चालताना. रहस्य त्या दिवसाचं जे असेल ते. बाग लहान असेल तर दहा मणी संपायच्या आतच पुढचा थांबा येतो. मग बागेला एक वळसा जास्त घ्या, भराभर म्हणून उरकू नका.

आता झाडांकडे येऊ. माझी पहिली पसंती अंजिराला. लूकच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात तीन वर्षं फळ न देणारं अंजिराचं झाड तोडायला मालक सांगतो आणि माळी म्हणतो, आणखी एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. हे वाचून झाल्यावर मुलांनी खरोखरच झाडाच्या बुंध्याशी माती मोकळी करायची आणि ओंजळभर खत टाकायचं. अंजीर मोठ्या कुंडीतही चांगलं येतं. भावंडांचं भांडण झालं असेल तर ते मिटवायला हाच थांबा.

दुसरा थांबा द्राक्षवेलीचा, योहान १५. इथे बोलण्यापेक्षा दाखवणं सोपं. छाटणीच्या वेळी एक कोवळी फांदी कापून वेलीच्या पायथ्याशीच ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी पानं लोंबतात, आठवड्याभरात कडा तपकिरी होऊन आत वळतात आणि बोटाने दाबलं की चुरा होतो. वर त्याच वेलीला, छाटलेल्या जागेच्या खालच्या डोळ्यातून नवी फूट निघालेली असते. ‘माझ्यावाचून तुम्हांला काही करता येत नाही’ हे मग मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तुमच्या हवेत द्राक्ष येत नसेल तर कुठलाही छाटता येणारा वेल चालेल.

तिसरा थांबा कृष्णकमळाचा. फूल हातात घेऊन मुलांना मोजायला लावा. मधोमध वर तीन शेंडे, ते येशूला क्रूसावर ठोकलेले तीन खिळे. त्यांच्या खाली पाच पुंकेसर, त्या त्याच्या पाच जखमा. भोवती तंतूंचं कडं, तो काट्यांचा मुकुट. बाहेरच्या दहा पाकळ्या म्हणजे येशूच्या बारा प्रेषितांपैकी (निवडलेल्या शिष्यांपैकी) त्याला नाकारणारा पेत्र आणि त्याला दगा देणारा यहूदा वगळून उरलेले दहा. फूल बहुधा एकच दिवस टिकतं, म्हणून उमललेलं दिसलं की त्या दिवशी फेरी इथूनच सुरू करा. मात्र हा वेल मूळचा अमेरिका खंडातला. हा अर्थ तिथे गेलेल्या मिशनऱ्यांनी लावला आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तो युरोपभर पसरला. बायबलमध्ये हे फूल नाही, आणि मुलांना ते तसंच सांगावं.

मरियेच्या मूर्तीपाशी काय लावायचं हेही तुम्ही विचारलंत. गुलाब किंवा लिली, जे जगेल ते. मरियेची म्हणून खास बाग लावायची जुनी रीत आहे. १९३२ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होल इथे फ्रान्सिस क्रेन लिली यांनी सेंट जोसेफ चर्चजवळ अशी एक बाग लावून घेतली आणि तिथे ही रीत पुन्हा रुजली. फक्त घरात मांजर असेल तर लिली नकोच, तिचा परागही मांजराला घातक ठरतो. कण्हेर मुलांच्या हाताला लागेल अशी नसावी, तिचा प्रत्येक भाग विषारी असतो. ‘क्राऊन ऑफ थॉर्न्स’ नावाने मिळणाऱ्या काटेरी रोपाचा चीक त्वचेला आणि डोळ्यांना झोंबतो, आणि ते मूळचं मादागास्करचं, त्यामुळे येशूच्या मुकुटाशी त्याचा नावापुरताच संबंध.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात याच वाटेवर क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या चौदा स्थानांवर थांबत म्हणायची प्रार्थना, करता येते. चौदा चित्रं विकत घेऊ नका, मूळ गरज चौदा क्रूसांची असते, चित्रं ही जोड. काटक्या सुतळीने बांधून मुलं एका दुपारी चौदा क्रूस करतात, ते कुंड्यांमध्ये खोचायचे. फादरांना बोलावून आशीर्वाद घ्या. आजींची काळजी नको. सगळ्यांना फिरणं शक्य नसेल तर प्रार्थना चालवणाऱ्याने स्थानांवरून फिरावं आणि बाकीच्यांनी जागेवरूनच म्हणावं, ही चर्चने दिलेलीच सवलत आहे. खुर्ची मध्यावर टाका म्हणजे सगळे थांबे त्यांना दिसतील.

चौथ्या थांब्यावर गव्हाची कुंडी (योहान १२:२४: गव्हाचा दाणा मातीत पडून मेला तरच पुष्कळ पीक देतो). पवित्र आठवड्याच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्याच्या, दहाएक दिवस आधी मुलांच्या हाताने दाणे पेरा, ईस्टरपर्यंत वीतभर हिरवं उभं राहतं.

पाचव्याला झाडच नको. जिथे खुरपं, फावडं आणि पाण्याची झारी ठेवता, तोच थांबा करा आणि योहान २०:१५ वाचा: येशूची शिष्या मग्दालिया मरिया मेलेल्यांतून उठलेल्या येशूला माळी समजते. आधीच्या अध्यायात सांगितलेलंच आहे की कबर एका बागेत होती.

थांब्यांवर झाडांच्या नावाच्या पाट्या नकोत, एक आकडा आणि वचनाचा संदर्भ पुरे. पाट्या प्लॅस्टिकच्या असतील तर साध्या पेन्सिलीने लिहा, मार्करची शाई उन्हात लवकर उडते.